डावा रेणू, उजवा रेणू

सिल्वासातल्या एका सुगंध बनवणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं वास घेण्याच्या कामावर होते. सांगितलं की लोक हसतात, पण हे खरंच पगारी काम असतं. अगरबत्ती, साबण, केसांचं तेल, फरशी पुसायचं औषध, या सगळ्यांत घालायचे वास आमच्याकडे तयार होत. नवी बॅच आली की कागदाच्या लांब पट्टीचं टोक तिच्यात बुडवायचं, नाकाखाली धरायचं आणि सांगायचं: ठीक आहे, किंवा गुलाब जरा पुढे येतोय, किंवा मागे कुठेतरी जळकट लागतंय. रसायनशास्त्रात एम.एस्सी. मी नाशिकला केलं, पण कारखान्यात माझी किंमत होती ती माझ्या नाकाची.

साथीच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली, वास तेवढा परतला नाही. बरोबरच्या कितीतरी जणांचा गेला होता आणि परत आला होता. वापीच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "थांबायचं. दुसरं काही नाही." लवंग, लिंबू, निलगिरी असं रोज सकाळी हुंगायला सांगितलं. मी हुंगत राहिले. लवंगेची डबी आणि रिकामी डबी यांत मला काहीच फरक नव्हता.

वास गेल्यावर पहिल्यांदा चव जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. बाकीचं कुणी सांगत नाही. आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का, हे कळत नाही, म्हणून मी धुतलेले कपडे पुन्हा धुवायला लागले. नासलेलं दूध मी चहात घालून प्यायले आणि जिभेवर काहीतरी दाट आल्यावर मला कळलं. आमली भागातल्या माझ्या फ्लॅटसमोर एक गुजराती कुटुंब राहतं. एका दुपारी त्या बहेन माझं दार जोरजोरात वाजवायला लागल्या. दार उघडलं तर मला ढकलून थेट स्वयंपाकघरात गेल्या, शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बहेन, आखा जिन्यात गॅसचा वास भरलाय! तुम्हाला खबरच नाही?" त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, सर्दी झालीय. दुसऱ्या दिवशी गॅस काढून टाकला आणि विजेची शेगडी आणली. त्या दुपारनंतर घरात एकटीनं बसायची मला पहिल्यांदा भीती वाटायला लागली. तोवर एकटी राहत होतेच की. वडील गेल्यावर आई भावाकडे नाशिकला राहते. माझं लग्न झालं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि फार मोठीही नाही.

कारखान्यानं मला वाऱ्यावर सोडलं नाही, हे सांगायला हवं. मला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. कुठल्या मालात काय आहे, कुठल्या देशात काय चालतं, ती माहिती भरायची. काम सोपं होतं. माझ्यासमोर वासाचा विषय कुणी काढेनासं झालं. कॅन्टीनमध्ये कुणी "आज डाळीला काय मस्त फोडणी दिलीय" म्हणालं आणि मी दिसले की वाक्य बदलायचं. सगळे चांगलेच वागत होते, आणि त्या चांगुलपणानं मी हळूहळू बाजूला पडत गेले.

एके दिवशी आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. गावातल्या एका कॉलेजात आठवडाभराचं प्रशिक्षण होतं. संगणकावर रेणू बांधायचे, त्यांची गणितं करायची आणि त्यांची चित्रं काढायची, सगळं प्रत्यक्ष हातानं. उद्योगातल्या माणसांसाठीही जागा होत्या.

"मॅडम, तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "इथं तसंही..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मी "हो" म्हटलं आणि बाहेर आले.

कॉलेजची संगणकाची खोली थंडगार होती. चपला बाहेर काढायच्या होत्या. आत जवळजवळ सगळी विद्यार्थ्यांचीच गर्दी, एकमेकांशी गुजरातीत आणि हिंदीत बोलणारी. मी आत गेले तर दोघंतिघं उठून उभे राहिले, त्यांना मी शिकवायला आलेय असं वाटलं. शिकवणारे सर पुण्याहून आले होते आणि माझ्याहून वयानं बरेच लहान होते. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, समोरचे चेहरे पाहिले आणि हिंदीवर आले. संगणक कमी असल्यामुळे दोघांत एक अशी वाटणी झाली. माझ्या शेजारी एक बारीक अंगाची मुलगी येऊन बसली. ती तासाभरात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग तिचा फोन वाजला आणि ती तोंडावर हात धरून कुजबुजली, "हां पप्पा, पोचली मी. डबा घेतलाय."

तिनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मराठी का गं तू?"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हो! तुम्ही पण? मला वाटलं तुम्ही कुठल्या सायेब आहात."

ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील नंदुरबारकडचे, इथल्या धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. ती जन्मापासून सिल्वासातच वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत नंदुरबार, गुजरात आणि हिंदी मालिका सगळं एकत्र नांदत होतं. दुपारपर्यंत मी तिची ताई झाले होते.

पहिल्या दिवशी आम्ही पाण्याचा रेणू बांधला. माझा हात माऊसवर अडखळत होता. पुढच्या रेणूत, कार्बनला चारच हात असताना, मी त्याला भलत्याच जागी पाचवा जोडला आणि प्रोग्रामनं तो मुकाट्यानं जोडूनही घेतला. सर मागून येऊन म्हणाले, "हा कार्बन फारच मदतीला धावणारा दिसतोय, मॅडम." सगळे हसले, मीही हसले. कॉलेज संपल्यानंतर वर्गात बसून चूक करायला किती बरं वाटतं, ते मी विसरून गेले होते.

नंतर त्यांनी ऊर्जा कमी करायचं बटण दाखवलं. आपण काढलेला वेडावाकडा रेणू पडद्यावर थरथरतो, त्याचे कोन हलतात, हात लांब-आखूड होतात, आणि मग तो त्याच्या सोयीच्या आकारात येऊन शांत होतो. मी रेणू मुद्दाम वाकडा करून ते बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले. वर्षानुवर्षं मी ही नावं कागदावर वाचली होती, बाटल्यांवर पाहिली होती, नाकानं ओळखली होती. त्यांना असं अंग सावरून बसताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, आपल्या आवडीचा रेणू घ्या. शेजारणीला काही सुचेना. मी म्हटलं, "व्हॅनिलिन घे." तिनं तो बांधला, फिरवला आणि विचारलं, "हा कशाचा?"

"आइस्क्रीमचा. व्हॅनिलाचा वास."

"आख्खं व्हॅनिला एवढंसं?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "अजून सांगा ना."

मी सांगत गेले. युजेनॉल म्हणजे लवंग, दातांच्या दवाखान्याचं दार उघडलं की येतो तो वास. जिरॅनिऑल म्हणजे गुलाब, पण दुकानात ठेवलेला नव्हे, दुपारी उन्हात तापलेला. सिट्रल म्हणजे गवती चहा हातावर चुरडला की जे येतं ते. ती मुलगी रेणू बांधायची, मी वास सांगायचे. पुढच्या रांगेतले दोघं माना वळवून ऐकायला लागले. कित्येक महिन्यांनी मी वासाबद्दल मोठ्यानं बोलत होते. आठवत होतं सगळं, अगदी कडा-कोपऱ्यांसकट. तिला मी सांगितलं नाही की यातलं काहीच मला आता येत नाही. त्या खोलीत मी पुन्हा नाकवाली बाई होते. ते मला हवंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सरांनी चित्रांविषयी सांगितलं. ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, कार्बन राखाडी हे रंग कुठून आले? "अणूला रंग नसतो," ते म्हणाले. "रंग आपण दिलेत, एकमेकांना पटकन कळावं म्हणून. चित्र देखणं आलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही. आधी विचारायचं, यातलं गणितानं काय सांगितलं आणि मी काय रंगवलं."

शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीनं काहीतरी करून दाखवायचं होतं. मी कार्व्होन सुचवला. हा एक रेणू दोन रूपांत असतो, एक डावा आणि एक उजवा. दोन्हीत तेच अणू, तेच जोड, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप, आपल्या दोन तळहातांसारखं. डाव्याला पुदिन्याचा वास येतो. उजव्याला शेपूचा, म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला देतात त्या बाळंतशेपांचा. माझ्या शेजारणीला हे खरंच वाटेना.

"एकच माल, नुसता उलटा, आणि वास वेगळा?"

"अगदी वेगळा. एकात चटणी वाटल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्यात बाळंतिणीची खोली."

आम्ही दोन्ही बांधले आणि दोघांची ऊर्जा काढायला लावली. आकडे सरसर वर सरकत होते. शेवटी दोन उत्तरं आली आणि ती वेगळी होती. फार नाही, पण वेगळी.

"माय वं!" ती खुर्चीतून उठली. "ताई, कॉम्प्युटरला कळलं! त्याला पण वास आला!"

मला खरंच शहारा आला. माझ्याकडे जे उरलं नव्हतं ते त्या पडद्यावर आकड्यांत आलंय असं मला वाटलं. मी मनात भलतंच रचायला लागले. नाक नाही तर नाही, मी आता असा वास घेईन. त्या संध्याकाळी शटल रिक्षात दाटीवाटीनं बसून घरी जाताना मी किती दिवसांनी खूश होते. आईला फोन केला, तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "आवाज बरा लागतोय आज तुझा."

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांना उत्तरं दाखवली. मग त्यांनी दोन्ही रेणू शेजारीशेजारी लावले आणि सावकाश फिरवले.

"ही बाजूची फांदी बघा," ते म्हणाले. "एकात ती या अंगाला वळलीय, दुसऱ्यात त्या. तुम्ही एकाचा आरसा दुसऱ्याला धरलाच नाही. फांदी सारखी वळवून पुन्हा काढा."

आम्ही फांदी वळवली आणि पुन्हा काढलं. दोन्ही उत्तरं सारखी आली, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

"मग वास?" शेजारणीनं विचारलं.

"प्रोग्रामच्या दृष्टीनं हे दोघं एकच आहेत," सर म्हणाले. "एकट्या रेणूत फरक दिसणारच नाही. आपल्या नाकातले रेणूही एका हाताचे असतात. उजवा हातमोजा उजव्याच हातात नीट बसतो ना, तसं. फरक भेटीत आहे. तो ओळखायला समोर नाक लागतं."

त्यांनी हे सहज सांगितलं. मी पडद्याकडे पाहत राहिले. ते दोन रेणू शेजारी फिरत होते आणि मला ते दोन्ही सारखेच होते. पडद्यावरही आणि बाटलीतही. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. कॉलेजच्या फाटकापलीकडून पाळी सुटलेल्या कामगारांच्या बस जात होत्या. रडू आलं नाही. फक्त असं वाटलं, की मी बाहेर उभी आहे याची कुठेच काही नोंद होत नाहीये.

आत आले तेव्हा शेजारणीनं सादरीकरण नव्यानं मांडायला घेतलं होतं. ती म्हणाली, "ताई, चूक पण दाखवू. आधी काय आलं आणि मग काय आलं. लोकांना मजा येईल." ती माझ्या निम्म्या वयाची असेल. आपल्या चुकीची तिला लाज नव्हती.

शेवटच्या दिवशी ती पुदिन्याची जुडी आणि कागदाच्या पुडीत बाळंतशेपा घेऊन आली. "दुकानदाराला बाळंतशेपा कळेचना," ती मला सांगत होती. "मग घरी फोन केला, तिथं बसलेल्या शेजारच्या काकी म्हणाल्या गुजरातीत सुवा म्हण. सुवा म्हटलं तर लगेच दिला."

सादरीकरण छान चाललं. तिनं दोन्ही रेणू फिरवले, पहिली उत्तरं दाखवली, फांदीची चूक दाखवली. सगळ्यांच्या हातात तिनं पानं आणि दाणे दिले. खोलीभर माणसं नाकाशी चिमूट धरून उभी होती, एकमेकांकडे पाहून हसत होती. मग ती माझ्याकडे वळली.

"आता ताई सांगतील. त्या सुगंधाच्या कारखान्यात वासाचं काम करतात. ताई, घ्या ना वास, आणि तुम्ही सांगता तसं सांगा."

तिनं पुदिन्याचं पान चुरडून माझ्यासमोर धरलं. सगळे पाहत होते. मला सहज सांगता आलं असतं. पुदिना कसा लागतो ते मला पाठ होतं. मी पान हातात घेतलं, नाकाशी नेलं. बोटांना ओलसर, गार लागलं. बाकी काही नाही.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "आजारपणात गेला तो आलाच नाही. मी तुम्हाला इतके दिवस जे सांगितलं ते आठवणीतून."

नाकाशी धरलेले हात खाली आले. मग सर म्हणाले, "मॅडम, आठवणीतून सांगता येईल?" त्यांच्या आवाजात कीव नव्हती. मी सांगितलं. पुदिन्याच्या गारव्याच्या आधी एक हिरवा, किंचित गोड वास येतो आणि गारवा त्याच्या मागून येतो, हे सांगितलं. बाळंतशेपांचा वास ऊबदार असतो, त्यात थोडी धुरी असते आणि थोडं ताकही, हे सांगितलं. लोकांनी पुन्हा नाकाशी चिमूट नेली. एक मुलगा हळूच म्हणाला, "हां, आहे. गोड आहे." त्याला तो वास माझ्या सांगण्यातून सापडला होता, आणि मी त्या सगळ्यांच्या मधोमध उभी राहून एकटीच त्याच्या बाहेर होते.

नंतर चहाच्या वेळी शेजारीण माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरलेले होते.

"मला आधी का नाही सांगितलं? मी सगळ्यांसमोर तुम्हाला..."

"तू मला विचारत होतीस म्हणून," मी म्हटलं. "सांगितलं असतं तर तू विचारायचं थांबली असतीस. सगळे थांबतात."

तिनं थोडा विचार केला. "मी नसते थांबली," ती म्हणाली. आणि लगेच विचारलंही, "एकदम काहीच नाही येत? हा चहा पण?"

"गरम आहे आणि गोड आहे. एवढं कळतं."

त्यानंतर कारखान्यात मी मॅनेजरसाहेबांकडे बरा संगणक मागितला. सुरुवातीला गिऱ्हाइकांना दाखवायची चित्रं करत होते. मग एखादा घटक कुठल्या देशात बंद झाला की त्याच्या आकाराला जवळचे दुसरे कोणते, ते शोधून द्यायला लागले. ज्यांना वास येतो ते ते हुंगतात आणि माझी अर्धी उत्तरं चुकीची ठरवतात. मला ते चालतं. माझं टेबल कोपऱ्यात आहे, दिवसभरात फारसं कुणी येत नाही. वास अजून आलेला नाही. क्वचित एखाद्या सकाळी काहीतरी करपल्यासारखं वाटतं; डॉक्टर म्हणतात, ही चांगली खूण असू शकते. मी त्यावर फार विसंबत नाही.

त्या मुलीला हैदराबादला औषधांच्या एका कंपनीत नोकरी लागली. पहिले काही दिवस तिचे रोज मेसेज यायचे, मग कमी झाले. ते साहजिक होतं. मीही मुद्दाम मागे लागले नाही.

एका रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मी खिडकीतले वाळलेले कपडे काढत होते. ती इकडचं तिकडचं बोलली, मेसच्या जेवणाबद्दल, खोलीतल्या मुलींबद्दल. त्या सगळ्या आपसात तेलुगूत बोलतात आणि तिच्याशी बोलताना इंग्रजीवर येतात, म्हणून मग बोलतच नाहीत.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही एवढी वर्षं एकट्या कशा राहिलात?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आईनंही नाही. मी कपडे तसेच पलंगावर टाकले आणि बसले.

"ठरवून नाही गं राहिले," मी म्हटलं. "राहत गेले. काही दिवस फार जड जातात. ते जड आहेत असं कुणाला तरी सांगता आलं तर थोडं बरं असतं. मला ते उशिरा कळलं."

"मला आज जड गेला."

"मग सांग."

तिनं सांगितलं. काही विशेष घडलेलं नव्हतं. दिवसभर कुणी तिच्या नावानं हाक मारली नव्हती, एवढंच. मी ऐकत राहिले. पुढे ती म्हणाली, थांबा, तुम्हाला काहीतरी दाखवते. तिनं तिच्या संगणकाचा पडदा मला फोनवर दाखवला. एक भलं मोठं प्रथिन होतं, गुंडाळी सुटलेल्या फितीसारखं, आणि त्याच्या एका खोबणीत तिनं बसवलेला बारीकसा रेणू. तो नीट बसत नव्हता. एक टोक भिंतीला घासत होतं.

"त्याला जरा डावीकडे वळव," मी म्हटलं.

तिनं वळवला. आम्ही दोघी बघत बसलो.